ताई, योजना ताब्यात घेण्याआधी वरच्या वाडीत जाऊन या

वाचक लिहितात :

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका ग्रामपंचायतीची सदस्या आहे. महिला राखीव जागेवर निवडून आले. निवडून आल्यावर माझं नाव सुविधा समितीत घातलंय असं मला सांगितलं. त्या समितीची बैठक मी आजपर्यंत बघितलेली नाही. शिपाई वही घेऊन घरी येतो, बोट ठेवून दाखवतो, तिथं मी सही करते. सगळं कन्नडमध्ये असतं. मला बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. नळयोजनेच्या पाइपांसाठी गल्ल्या खोदल्या. चर नुसत्या मातीनं बुजवले, ते पावसात खचले. वरच्या वाडीतल्या नळांना अजून धड पाणी नाही. आता योजना पूर्ण झाली, पंचायतीनं ती ताब्यात घ्यावी, असा ठराव होणार आहे. शिवाय आमच्या गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचं बिलही निघायचं आहे. मी विचारलं तर अध्यक्ष म्हणाले, ‘समितीला काही अधिकार नाही, वरून मंजूर झालेलं काम आहे.’ आमच्या घरचे म्हणतात, सही करून मोकळी हो, नाहीतर आपल्या वॉर्डाला फंड येणार नाही. ही समिती नुसती नावाचीच असते काय? मी सही करू की नको?

— एक सदस्या, खानापूर तालुका

ताई,

आत्ता सही करू नका. नकारही देऊ नका. ‘काम पाहिल्यावर आणि कागद वाचून घेतल्यावर सही करीन’ एवढंच म्हणा, आणि तेच लिहून द्या. काय लिहायचं ते शेवटी देते. आधी अध्यक्षांच्या बोलण्याकडे वळू, कारण त्यातलं अर्धं खरं आहे आणि अर्धं नाही.

खरं एवढंच, की तुमची समिती एखादं काम स्वतःच्या हुकमानं बंद पाडू शकत नाही. पण समिती कायद्यानं नेमलेली आहे, कुणाच्या मर्जीनं नव्हे. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीला तीन स्थायी समित्या नेमाव्याच लागतात : उत्पादन, सामाजिक न्याय आणि सुविधा. शिक्षण, आरोग्य आणि सार्वजनिक कामं सुविधा समितीकडे येतात. म्हणजे रस्ता, गटार, नळ हे सगळं तुमच्याच समितीच्या कक्षेत आहे. कामाकडे लक्ष ठेवणं, त्याबद्दल विचारणं आणि पंचायतीला आपलं मत कळवणं, यासाठीच ही समिती आहे.

या रचनेतली एक अडचण मला पहिल्यापासून खटकते. सामाजिक न्याय समितीचं अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे असतं, पण उत्पादन आणि सुविधा या दोन्ही समित्या पंचायतीचे अध्यक्षच चालवतात. ज्यांच्या कारभाराकडे समितीनं बघायचं, तेच समितीच्या खुर्चीवर. सभासद तीन ते पाच. मग बैठक बोलवायची घाई कुणाला असणार? म्हणून बैठक होत नाही आणि वही घरोघरी फिरते. तुमच्या पंचायतीत काही वेगळं वाईट चाललंय असं समजू नका. बेळगाव जिल्ह्यात पाचशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी या समित्या ठराव बुकातल्या एका पानापुरत्याच उरल्यात, हे मी या कामात इतकी वर्षं बघत आलेय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पण अध्यक्ष बैठक बोलवत नाहीत म्हणून सभासदाचे डोळे बांधलेले नसतात. तुम्ही एकट्यानंसुद्धा काम बघू शकता आणि लेखी विचारू शकता. आणि कधी विचारायचं, यावरच सारं ठरतं. बिल निघण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. बिल निघाल्यावर तोच प्रश्न तक्रार होतो, आणि तक्रारी वर्षानुवर्षं फायलीत राहतात.

तुमची दोन कामं वेगवेगळी आहेत, ती एकत्र करू नका.

आधी रस्ता. पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, तीन कागद मागा : कामाचं अंदाजपत्रक, कंत्राटदाराला दिलेला कार्यादेश, आणि एम. बी., म्हणजे मोजमापाचं पुस्तक. इंजिनिअर जागेवर जाऊन मोजतो आणि एम. बी.त लिहितो, त्यावरून बिल निघतं. त्यात अवघड असं काही नाही. लांबी, रुंदी, जाडी आणि त्यांचा गुणाकार. समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड लिहिलाय. काँक्रीट झालं ४५ घनमीटर. जागेवर जाडी १० सेंटिमीटरच भरली, तर काँक्रीट पडलंय ३० घनमीटर. उरलेल्या १५ घनमीटरचे पैसे कशाचे, एवढाच प्रश्न. लांबी-रुंदी कुणीही टेपनं मोजू शकतो. जाडी बघायला रस्ता जिथं संपतो तिथं कडेची माती हातानं बाजूला करा, टेप उभी धरा, फोटो घ्या. एका जागी नको, चार-पाच जागी बघा, कारण टोकाला जाड आणि मध्ये पातळ असंही करतात. सोबत गल्लीतल्या दोघी-तिघींना न्या. तुम्ही मोजताना चार लोक बघत उभे राहिले, तर त्याचा परिणाम कंत्राटदारावर माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त होतो.

हे काम कुठल्या पैशातून झालं तेही विचारा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली होती, ती रस्त्याकडे वळवता येत नाही. उरलेल्या ४० टक्क्यांतून रस्ता होऊ शकतो. कुठल्या हेडखाली खर्च टाकलाय हे कळलं की कुणाकडे विचारायचं तेही कळतं.

आता पाणी. हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि इथं तुमची सही जास्त मोलाची आहे.

जलजीवन मिशन, म्हणजे गावात घरोघरी नळानं पाणी द्यायची केंद्राची योजना, १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. आपल्याकडे ही कामं ग्रामपंचायत करत नाही, राज्याचं ग्रामीण पेयजल व स्वच्छता खातं करतं. कंत्राटदार त्यांचा, इंजिनिअर त्यांचा, बिलही तेच काढतात. म्हणून ‘वरून मंजूर झालेलं’ हे अध्यक्षांचं बोलणं इथं लागू पडतं. पण योजना चालवायची कुणी? पंचायतीनं. ताब्यात घेतल्या दिवसापासून मोटारीचं हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं बिल, वॉटरमनचा पगार, फुटलेला पाइप, जळालेली मोटार हे सगळं तुमच्या अंगावर येतं. आज चर खचलेत ते कंत्राटदाराचं काम आहे. ठराव झाला की उद्या तेच पंचायतीचं काम होतं, आणि पंचायतीकडे त्यासाठी पैसा नसतो. पंचायतीला या योजनेत ‘थांबा’ म्हणायला जी मुख्य जागा मिळते ती हीच. एकदा ठराव झाला की ती गेली.

मिशनच्या नियमांत गावासाठी वेगळी पाणी समिती सांगितली आहे. १० ते १५ सभासद, त्यात निम्म्या बायका. त्या समितीत कोण आहे ते विचारा. तुमच्याच गल्लीतल्या कुणाचं तरी नाव असेल आणि तिला पत्ताच नसेल. बिल देण्याआधी बाहेरच्या संस्थेकडून कामाची पाहणी करायची असते, तिचा अहवाल मागा. आणि गाव ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. पंचायतीच्या बैठकीत गुपचूप हात वर करून ते होत नाही.

मोजायचं काय? नियम आहे माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. पंधरा लिटरची घागर धरली तर अठरा घागरींहून जास्त. आता असं करा. पाणी सोडायच्या दिवशी वरच्या वाडीत जा आणि सर्वांत शेवटच्या, सर्वांत उंचावरच्या घरात थांबा. टाकीजवळच्या घरात नको, तिथं पाणी येणारच. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, तेवढ्या वेळात किती घागरी भरल्या, ते वहीत लिहा. मराठीतच लिहा. घरातल्या बाईचं म्हणणं लिहा, खाली तिची सही किंवा अंगठा घ्या. अशी पाच-सहा घरं झाली की इंजिनिअरला कागदावरचे आकडे वाचून दाखवत बसता येत नाही. खानापूरच्या पावसात तांबड्या मातीचा चर कसा बसतो हे तुम्हाला मी सांगायला नको. खोदलेला रस्ता पूर्ववत करून द्यायची रक्कम अंदाजपत्रकात धरली होती का आणि ती खर्ची पडली का, हा प्रश्न त्याच पानावर लिहा.

आता वहीचं आणि कन्नडचं.

घरी आलेल्या वहीवर यापुढे सही नाही. शिपायावर रागावू नका, तो सांगितलेलं करतो. त्याला पाणी द्या आणि सांगा, बैठकीत करीन. बैठकीत प्रत्येक ठराव तोंडी समजावून मागा. मराठीत सांगा असं म्हणायला अजिबात संकोच करू नका. आपल्या भागातले बरेच पीडीओ आणि कारकून मराठी समजतात, बोलतातही. तुमच्या निम्म्या मतदारांशी ते मराठीतच बोलतात. लिहिलेलं आणि सांगितलेलं एकच आहे का हे बघायला पानाचा फोटो काढा आणि घरी शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या. आपली पोरं मराठी शाळेत जात असली तरी कन्नड शिकतात, त्यांना हे येतं. मात्र आकडे स्वतः वाचायला शिका. कन्नड आकडे दहाच आहेत, दोन संध्याकाळी पाठ होतील, आणि रकमेच्या रकान्यापुढे तुमचं बोट अडखळणार नाही. रिकाम्या जागेखाली कधीच सही नको. पटलं नाही तर ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणा आणि नोंदवेपर्यंत उठू नका.

मराठीत अर्ज दिला तर घेतील काय, असं तुमच्या मनात येईल. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय. तेव्हा अर्ज मराठीत द्या, हक्कानं द्या. पण सोबत कन्नड प्रतही जोडा, कारण आपल्याला उत्तर हवंय आणि ‘भाषा कळली नाही’ ही सबब त्यांच्या हाती द्यायची नाही. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. २००५ च्या त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हटलंय, त्यामुळे तो अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीतच लिहून घ्या. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथं होईल. मराठी माणसानं आपला हक्क सोडू नये हे माझं ठाम मत आहे. पण कन्नड येत नाही म्हणून दप्तराकडे पाठ फिरवली, तर नुकसान वरच्या वाडीतल्या बाईचं होतं, आणि तेही माझं तेवढंच ठाम मत आहे.

घरच्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. त्यांना वाटणारी भीती खोटी नाही. फंडाचं वाटप करताना माणसं रुसवे काढतात. पण त्यांना एक गोष्ट नीट सांगा : सही तुमची आहे. पंचायतीच्या पैशाचं नुकसान झालं आणि चौकशी लागली, तर ठरावाखालच्या नावांना विचारतात. घरी बसून सही कर म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि वॉर्डाच्या फंडासाठीची खरी जागा वॉर्डसभा आहे. तिथं लोकांनी काम मागितलं, ते यादीत लिहिलं गेलं, तर एकट्या माणसाला ते गाळणं जड जातं. पुढच्या वॉर्डसभेला दहा-वीस बायका घेऊन गेलात तर घरचेही धीर धरतील.

पंचायतीत ऐकलंच नाही तर पुढे काय, तेही माहीत असू द्या. वर्षातून एकदा, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, जमाबंदी असते. बाहेरचा अधिकारी येऊन मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि कामं लोकांसमोर तपासतो. गावात हिची दवंडी नीट पिटली जात नाही, म्हणून तारीख आधीच विचारून ठेवा आणि वरच्या वाडीला सांगा. केडीपीची बैठक म्हणजे विकासकामांच्या आढाव्याची बैठक. तालुक्याची आमदारांच्या अध्यक्षतेखाली, जिल्ह्याची पालकमंत्र्यांच्या. पेयजल खात्याचे इंजिनिअर तिथं हजर असतात. तुमच्या नळयोजनेचा प्रश्न आमदारांकडे लेखी देऊन तिथं मांडायला सांगा.

पूर्वी अशा वेळी तालुका पंचायत आणि जिल्हा पंचायतीच्या सदस्यांकडे जाता यायचं. जिल्हा पंचायतीच्या स्थायी समित्यांत कामांची झाडाझडती व्हायची. पण २०१६ ला निवडून आलेल्या त्या सभागृहांची मुदत २०२१ ला संपली आणि पुढे वर्षामागून वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासक काम बघतात. प्रश्न विचारणारी मधली फळी गेली, हे ग्रामीण कर्नाटकाचं फार मोठं नुकसान आहे आणि त्याबद्दल हवं तेवढं बोललं जात नाही. तुमच्यासारख्या ग्रामपंचायत सदस्येवर म्हणूनच जास्त भार आलाय. सध्या तक्रार तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ईओंकडे करायची. तिथं नाही भागलं तर जिल्हा पंचायतीच्या सीईओंकडे.

दप्तर पाहायला सदस्याला माहिती अधिकाराची वेळ यायलाच नको. आलीच तर दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम आहे, म्हणून रस्त्याचा अर्ज वेगळा आणि पाण्याचा वेगळा. या कायद्यात नुसत्या कागदाच्या प्रती नव्हे, तर काम प्रत्यक्ष पाहायचा आणि साहित्याचा नमुना मागायचाही हक्क आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं. लोकायुक्तांकडे जायची घाई करू नका. ती वाट लाचेसाठी, उघड अपहारासाठी. तिथं ठरावीक नमुना आणि प्रतिज्ञापत्र लागतं. हातात मोजमाप आणि कागद आल्याशिवाय तिकडे गेलात तर तक्रार दुबळी पडते.

आता तुमचा अर्ज. पीडीओंच्या नावे, प्रत ईओंना :

‘मी सुविधा समितीची सदस्या आहे. नळयोजना ताब्यात घेण्याचा ठराव येणार असल्याचं समजलं. वरच्या वाडीतल्या घरांना पुरेसं पाणी मिळत नाही, त्याची घरनिहाय नोंद सोबत जोडली आहे. पाइपलाइनचे चर खचलेले आहेत, त्याचे फोटो जोडले आहेत. तरी (१) योजनेचं अंदाजपत्रक, (२) बाहेरच्या संस्थेचा तपासणी अहवाल आणि (३) रस्ते पूर्ववत करण्याचा हिशेब समितीपुढे ठेवावा. पेयजल खात्याचे इंजिनिअर, पंचायत सदस्य आणि वाडीतले रहिवासी यांची एकत्र पाहणी ठेवावी. ती होऊन दुरुस्ती होईपर्यंत हस्तांतरणाचा ठराव घेऊ नये. ठराव मांडल्यास माझा विरोध कारणासह नोंदवावा. गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचं बिल काढण्याआधी एम. बी. समितीला दाखवावी.’

कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. तसंच राहू द्या, रागाच्या भरात एक ओळही वाढवू नका. दोन प्रती करा, एकीवर तारीख आणि शिक्का घेऊन पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, त्याची पावती चालते. बैठकीची नोटीस हातात पडली की तारखेच्या आधी वरच्या वाडीतली घागरींची नोंद पुरी करा. बैठकीत काय झालं आणि ठराव बुकात काय लिहिलं, दोन्ही मला कळवा. पानाचा फोटो पाठवलात तर कन्नड मजकूर मी वाचून देईन, आणि ईओंकडच्या अर्जाचं मग बघू.